तेरा आकडी नंबर आणि विहिरीचा दोर

परवा पुतणीनं पुण्याहून फोटो पाठवला. दुकानातल्या द्राक्षांच्या डबीचा. झाकणावर हिरवं पान आणि खाली ‘रेसिड्यू फ्री’. सोबत प्रश्न: “काकू, म्हणजे ही ऑर्गॅनिकच ना?” मी आधी “नाही” एवढंच लिहिलं. मग ते फार तुटक वाटलं, म्हणून फोन केला. पाऊण तास बोललो. फोन ठेवल्यावर वाटलं, यातलं निम्मं तिला नीट सांगताच आलं नाही. म्हणून आज लिहायला बसले आहे.

दिंडोरी तालुक्यात, पालखेड धरणाच्या वरच्या अंगाला आमची साडेपाच एकर शेती आहे, 2019 पर्यंत सगळी द्राक्षाखाली. बहुतेक थॉमसन, थोडी सोनाका. मी 2006 साली लग्न होऊन इथं आले. बी.कॉम. झालेली होते, त्यामुळे घरातल्या वह्या आपोआप माझ्याकडे आल्या. फवारणी हे बघायचे, पाणी नाना, म्हणजे माझे सासरे, बघायचे आणि कागद मी. ही वाटणी कुणी बसून ठरवली नव्हती, पण तीच पुढं आमच्या घराचं पर्यावरण खातं झाली.

मी आले त्याच वर्षी अपेडानं, म्हणजे शेतमालाची निर्यात बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेनं, ग्रेपनेट सुरू केलं. युरोपात जाणाऱ्या द्राक्षाचा प्रत्येक प्लॉट कृषी खात्याकडे नोंदवायचा, काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस येऊन नमुना घेणार, अहवाल बरा आला तरच माल पॅकहाऊसला जाणार आणि रॉटरडॅमला उघडलेल्या पेटीवरून थेट आमच्या प्लॉटपर्यंत माग काढता येणार. नानांना या सगळ्याचं फार अप्रूप होतं. “आपल्या वावराला नंबर आला,” असं ते पाहुण्यांना सांगायचे. वापरायच्या औषधांची यादी दरवर्षी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून येते. तिला सगळे ‘अॅनेक्चर पाच’ म्हणतात. कोणतं औषध, किती प्रमाणात, काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचं, सगळं त्यात. आमच्याकडे ती यादी स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या शेजारी टांगलेली असते.

आणि तरीही 2010 झालं.

ज्यांनी ते वर्ष पाहिलं नाही त्यांना थोडक्यात सांगते. सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईड, हे काही कीडनाशक नाही. खरड छाटणीनंतर, म्हणजे एप्रिलमधल्या छाटणीनंतर, वेलीच्या फुटीचा जोर आवरावा, काडीत घड बसावा म्हणून ते मारलं जायचं. गावोगाव सर्रास. युरोपात द्राक्षावर त्याची मर्यादा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम. आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. नमुने पास होऊन गेले, कंटेनर समुद्रातून पोहोचले, तिकडे तपासणी झाली आणि माल अडकला. 0.05 मिलिग्रॅम म्हणजे किती, हे मी त्या वेळी नानांना हिशेब करून दाखवलं होतं: 20 टन द्राक्षांत मिळून एक ग्रॅम. नाना बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “एक ग्रॅम म्हणजे नखावर मावंल एवढं.”

आमचा एक कंटेनरभर माल त्यात होता. पैसे निम्मेच आले, तेही सव्वा वर्षानं. ज्यांना माल दिला होता ते निर्यातदारही त्यात पोळले, त्यामुळे कुणाच्या दारात जाऊन भांडावं असंही काही नव्हतं. पण मला त्या काळातली एक रात्र अजून आठवते. जेवणं झाल्यावर यांना आणि नानांना मी विचारलं, “आपण सीसीसी कधी मारलं होतं? किती?” दोघांनी दोन वेगवेगळ्या तारखा सांगितल्या. प्रमाण तर कुणालाच आठवेना. बांधावर रिकामी बाटली पडलेली होती, तेवढाच पुरावा. आपल्या बागेत आपण काय ओततो हे आपल्यालाच सांगता येत नाही, ही गोष्ट मला पैशांपेक्षा जास्त लागली. दुसऱ्या दिवशी मी दिंडोरीहून दोनशे पानी वही आणली. आज तशा एकोणीस वह्या आहेत.

2012 साली आम्ही गटानं ग्लोबल गॅपचा, म्हणजे चांगल्या शेतीपद्धतीचा, दाखला घेतला. आधी याचं नाव युरेपगॅप होतं. युरोपातल्या मोठ्या दुकानदारांनी 1997 मध्ये ते सुरू केलं आणि 2007 मध्ये नाव बदललं. प्रत्येक शेताला किंवा गटाला तेरा आकड्यांचा नंबर मिळतो, जीजीएन म्हणतात त्याला. नियम दोन तऱ्हेचे. काही शंभर टक्के पाळायचेच आणि काहींत पंच्याण्णव टक्के जुळले तरी चालतं. गटात असलं की बाहेरचा तपासनीस सगळ्यांकडे जात नाही, सभासदसंख्येचं वर्गमूळ काढतो. आम्ही 36 जण होतो म्हणून सहा शेतं. ती कोणती हे तो आयत्या वेळी ठरवतो, त्यामुळे तयारी छत्तीसच्या छत्तीस जणांना करावी लागते. बाकी आतली तपासणी गटानंच एकमेकांची करायची.

पहिल्या वर्षी गावात पुष्कळ कुरकूर झाली. औषधांच्या खोलीला जाळी हवी, कुलूप हवं, पातळ औषध खालच्या फळीवर आणि भुकटी वरच्या, म्हणजे बाटली फुटली तरी पुड्यांवर सांडणार नाही. वाळूची बादली. डोळे धुवायला पाणी. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी परत फवारणीच्या टाकीत आणि बाटलीला भोक, म्हणजे कुणी तिच्यात तेल-रॉकेल भरणार नाही. आमच्याकडे पूर्वी अशा बाटल्या सर्रास घरात वापरल्या जायच्या, हे लिहितानाही अंगावर काटा येतो. माझ्या माहेरी तर पेंडीच्या खोलीत, पिठाच्या डब्याशेजारी औषध असायचं.

पण मला सगळ्यात जास्त ज्या नियमानं बांधून ठेवलं, तो द्राक्षाबद्दलचा नव्हताच. काम करणाऱ्यांसाठी 500 मीटरच्या आत संडास आणि हात धुवायची सोय हवी, असा तो नियम.

डिपिंग, विरळणी, काढणी ही सगळी बायकांची कामं. आमच्याकडे पेठ आणि सुरगाण्याच्या बाजूच्या बायका येतात, हंगामभर राहतात. विरळणीच्या दिवसांत वीस-पंचवीस जणी असतात. मी आले तेव्हापासून बघत होते, त्या उजाडायच्या आत ओढ्याकडे जाऊन येत आणि मग दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. विचारलं तर “तहानच न्हाय लागत ताई” म्हणायच्या. फेब्रुवारीच्या उन्हात मांडवाखाली दिवसभर मान वर करून उभं राहणाऱ्या बाईला तहान लागत नाही! मला ते कळत होतं आणि तरी सहा वर्षं आम्ही काही केलं नव्हतं. घरात बोलले होते एकदा, “पुढच्या वर्षी बघू” झालं. नियम आला आणि तीन आठवड्यांत विहिरीकडच्या कोपऱ्यात दोन संडास उभे राहिले. नळ, साबण, आतून कडी. जर्मनीतल्या कुठल्याशा दुकानाच्या धोरणामुळे आमच्या बागेतल्या मावशीला दुपारी पोटभर पाणी पिता आलं. मला याचा आनंदही आहे आणि आपल्याच्यानं हे आधी का झालं नाही याची खंतही.

डिपिंगचंही तसंच. जीए, म्हणजे मणी फुगवणारं संजीवक, त्याच्या द्रावणात घड बुडवताना हातमोजे नसत. आता असतात. उन्हात घाम येतो म्हणून बायका काढून ठेवतात, मग मी पुन्हा घालायला लावते. हे भांडण दर हंगामात होतं आणि होत राहणार.

आता पुतणीच्या प्रश्नाकडे येते. त्या डबीवरच्या हिरव्या पानाचा अर्थ काय?

‘रेसिड्यू फ्री’ म्हणजे औषधं मारलीच नाहीत असं नाही. औषधं मारली, पण काढणीपूर्वीचे दिवस पाळले, त्यामुळे फळात जे उरलं ते यंत्राला मोजता येण्याच्या खाली आहे. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला सरसकट किलोला 0.01 मिलिग्रॅम धरतात. म्हणजे 100 टनांत एक ग्रॅम. हे साधणं सोपं नाही. जो शेतकरी ते करतो त्याची शिस्त खरी आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही, कारण आम्हीही तेच करतो. पण तो दाखला घडाचा आहे.

‘सेंद्रिय’ ही वेगळी वाट. तिथं काय उरलं यापेक्षा कसं पिकवलं हे बघतात. निर्यातीसाठी एनपीओपी हा केंद्र सरकारचा सेंद्रिय दाखल्याचा कार्यक्रम, 2001 पासून. फळबागेला रूपांतराची तीन वर्षं, हंगामी पिकाला दोन. देशात विकायच्या मालावर ‘जैविक भारत’चं चिन्ह हवं. 2017 चे नियम आहेत, ते 2018 च्या जुलैपासून लागू झाले. दुकानात बंद पाकिटावर ‘ऑर्गॅनिक’ लिहिलेलं असेल तर ते चिन्ह शोध, असं मी पुतणीला सांगितलं. नुसतं पान, नुसता हिरवा रंग, ‘नॅचरल’, ‘फार्म फ्रेश’ यांना काही अर्थ नाही. छोटा शेतकरी स्वतः हातानं तुला विकत असेल तर त्याला दाखल्यातून सूट आहे. तिथं तू त्यालाच विचार, आणि शक्य असेल तर एकदा त्याच्या शेतावर जा.

आणि आमचा तेरा आकडी नंबर? तो डबी घेणाऱ्याला बहुतेक वेळा दिसतही नाही. दुकानदार आणि शेतकरी यांच्यातला तो करार आहे. युरोपातल्या बाईच्या टोपलीत आमची द्राक्षं पडतात तेव्हा संडासाची, हातमोज्यांची, विसळलेल्या बाटलीची गोष्ट तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तिच्या देशातल्या तपासणीचा धाक मात्र माझ्यापर्यंत पोहोचतो.

“मग तुम्ही ऑर्गॅनिक का करत नाही?” पुतणीनं विचारलंच. मी तिला 2019 ची वही वाचून दाखवली. त्या साली परतीचा पाऊस परतलाच नाही. ऑक्टोबर संपला, नोव्हेंबर लागला, अरबी समुद्रात क्यार आणि पाठोपाठ महा ही वादळं, आणि आमच्या बागा फुलोऱ्यात. डावणी, म्हणजे बुरशीचा रोग, पानावरून घडावर उतरली. वहीत रोज एक ओळ आहे, काही दिवशी दोन. ट्रॅक्टर चिखलात रुतायचा, मग पाठीवरचा पंप. हे रात्री दीड वाजता फवारून आलेत आणि मी कंदिलाच्या उजेडात नोंद केली आहे, अक्षर ओळखू येत नाही. एवढं करूनही सोनाकाचा प्लॉट गेला. सेंद्रियवाल्यांना तेव्हा मोरचूद आणि गंधक एवढंच हाताशी होतं. आणि मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, तोही काही निरुपद्रवी नाही. तांबं मातीत पडलं की तिथंच राहतं, त्याचं विघटन होत नाही. युरोपनं 2019 पासून सात वर्षांत मिळून हेक्टरी 28 किलो तांब्याची मर्यादा घातली आहे ती त्याचमुळे. थॉमसनसारखी नाजूक जात, ऑक्टोबरची छाटणी आणि हे असं बदललेलं पाऊसमान घेऊन मला पूर्ण सेंद्रिय द्राक्ष जमेल असं आज म्हणवत नाही. खोटं कशाला बोलू.

यात एक गोष्ट मला फार सलते. आमच्याकडे डिपिंगला येणाऱ्या मावशी, त्यांचं पेठेकडे डोंगरउतारावर सव्वा एकराचं वावर आहे. नागली, म्हणजे नाचणी, वरई, थोडी खुरासणी. खत म्हणजे शेण आणि राब. औषध त्यांनी कधी पाहिलंच असेल तर आमच्याकडे. त्यांची नागली ही मी पाहिलेली सगळ्यात स्वच्छ पिकांपैकी एक, आणि तिला कुठलाही नंबर नव्हता. व्यापारी ती पडेल भावानं उचलायचा. आता त्यांच्या पाड्यावरच्या नऊ घरांनी पीजीएसमध्ये, म्हणजे सरकारच्या सहभागी हमी पद्धतीत, गट केला आहे. 2011 पासूनची ही पद्धत आहे, शेजाऱ्यानं शेजाऱ्याची हमी घ्यायची. पाच शेतकरी असले तरी गट होतो, बाहेरच्या संस्थेची महागडी तपासणी लागत नाही. एकमेकांच्या बांधावर जाऊन बघायचं, शपथ घ्यायची, नोंद ठेवायची. आधी ‘ग्रीन’ आणि मुदत पुरी झाली की ‘ऑर्गॅनिक’. नोंद कशी ठेवायची हे त्यांनी माझ्याकडून शिकून घेतलं. मावशींना लिहिता येत नाही, त्यांची नात लिहिते. तिनं पहिल्या पानावर लिहिलंय: “आमी काय टाकलं न्हाय.” खालच्या रकान्यातही तेच, सगळ्या रकान्यांत तेच. मी म्हटलं, असंच राहू दे.

आता मुख्य गोष्ट.

2016 च्या मे महिन्यात एकाच आठवड्यात माझ्या हातात दोन कागद आले. एक, गेल्या काढणीच्या रेसिड्यू अहवालाची प्रत, फाइलला लावायला मागवलेली. सगळं स्वच्छ, एकही औषध मोजण्याइतकं नाही. दुसरा, विहिरीच्या पाण्याचा अहवाल. दाखल्यासाठी जंतू आणि क्षार तपासून घ्यायचेच होते, मी वरचे पैसे भरून नायट्रेटही तपासायला सांगितलं, कारण त्या वेळी आम्ही त्याच विहिरीचं पाणी प्यायचो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. आमचं आलं 74.

धाकटा तेव्हा दीड वर्षाचा होता. नायट्रेटचा सगळ्यात जास्त धोका तान्ह्या मुलांना असतो, रक्त प्राणवायू वाहून नेण्यात कमी पडतं. त्याच्या दुधात हेच पाणी मी घातलं होतं. देवाच्या कृपेनं त्याला काही झालं नाही. त्याच आठवड्यापासून पिण्याचं पाणी नळयोजनेचं सुरू केलं.

पण ते 74 कुठून आले? माझ्याच वह्यांतून. मी मागची चार वर्षं उलटून बेरीज केली. युरिया, डीएपी, कॅल्शियम नायट्रेट, कोंबडखत. बाग मागते त्याहून कितीतरी जास्त आम्ही देत होतो, कारण शेजारचा तेवढं देत होता. वेलीनं घेतलं नाही ते पाण्याबरोबर मुरमात, मुरमातून काळ्या पाषाणाच्या भेगांत आणि भेगांतून विहिरीत. आमच्या दाखल्याच्या फाइलमध्ये खताची प्रत्येक गोणी प्रामाणिकपणे लिहिलेली होती. तपासनीसानं ती पानं पाहून सही केली होती, त्याचं काही चुकलं नव्हतं. नोंद आहे का, एवढंच तो बघत होता. नोंद होती.

त्या दिवशी मला हे लख्ख कळलं की आपल्याकडे दाखला आहे तो घडाचा आणि कागदाचा. विहिरीचा दाखला कुणी मागितलेला नाही, म्हणून तो आपण दिलेला नाही.

मग आम्ही बदललो. देठ परीक्षण करून, म्हणजे पानांचे देठ तपासून बागेला काय हवं ते बघून, ठिबकमधून थोडं थोडं खत द्यायला लागलो. युरिया जवळपास बंद. खरड छाटणीनंतर दोन ओळींच्या मधे ताग पेरून गाडतो, छाटलेल्या काड्या पूर्वी पेटवायचो त्या आता बारीक करून बोदावर, म्हणजे वेलींखालच्या वरंब्यावर, टाकतो, वर उसाचं पाचट. बोद उकरला की गांडुळं दिसतात, पाणीही कमी लागतं. यांचा आधी विश्वास नव्हता, एका एकरावर करू म्हणाले. दुसऱ्या वर्षी साडेपाच एकरांवर यांनीच केलं. खताचा खर्च किती खाली आला ते वहीत आहे, पण तो आकडा इथं नको, प्रत्येकाची जमीन वेगळी.

विहिरीचं पाणी दरवर्षी मेमध्ये तपासते. 74 चे 69 झाले, 66, मग एका वर्षी उलट 71. गेल्या मेमध्ये 58. आठ-नऊ वर्षं खत आवरून अजूनही पाणी पिण्याजोगं नाही. याचं कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आमच्या विहिरीला पाणी वरच्या अंगाच्या अकरा शेतांतून येतं. मी माझ्या बांधाच्या आत काहीही केलं तरी पाणी बांध ओळखत नाही. वाराही ओळखत नाही म्हणा. काढणी आठ दिवसांवर असताना शेजारच्या टोमॅटोवरची फवारणी आमच्या कडेच्या दोन ओळींवर आली होती, त्या ओळींचा माल आम्ही निर्यातीतून बाजूला काढला. पण वाऱ्यासाठी कडेला शेवरी-गिरिपुष्पाचं कुंपण करता आलं. पाण्याला कुंपण कसलं करणार?

आणि नायट्रेट तरी एक झालं, पातळीचं काय? ठिबकनं पाणी वाचलं म्हणून आमच्याच पट्ट्यात लोकांनी वाचलेल्या पाण्यावर नवी बाग लावली. मग बोअर, मग आणखी खोल बोअर. 2009 च्या भूजल कायद्यात शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल जाऊ नये असं आहे. आमच्या शिवारात किती बोअर किती खोल आहेत हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. अशा शिवारातलं प्रत्येक शेत एकेकटं घेतलं तर दाखल्याला पात्र ठरेल. ठिबक आहे, मीटर आहे, नोंद आहे. अलीकडे युरोपातले काही दुकानदार ‘स्प्रिंग’ नावाचा पाण्याचा जोडदाखला मागू लागले आहेत, उपसा कायदेशीर आहे का, स्रोताची स्थिती काय, हे त्यात विचारतात. मला ते पाऊल बरोबर वाटतं. पण ते उत्तर एकट्या शेतकऱ्यानं कसं द्यायचं? विहीर माझी असेल, झरा माझा नाही.

आणि या प्रश्नाचं उत्तर आमच्याच तालुक्यानं तीस-पस्तीस वर्षांपूर्वी दिलेलं आहे, याचं मला कुठल्याही दाखल्यापेक्षा जास्त बळ वाटतं. वाघाड. कोळवण नदीवरचं धरण दिंडोरीत, आणि कालव्याचं शेपूट निफाडात, ओझरला. शेपटाला पाणी पोहोचायचंच नाही. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी तिथल्या शेतकऱ्यांना एकत्र केलं, 1990-91 च्या सुमाराला पहिल्या तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचं, हप्ता मोजून भरायचा, आपल्या वाट्याचं कुठं कधी द्यायचं ते संस्थेनं ठरवायचं. वाढत वाढत संपूर्ण धरणावर 24 संस्था झाल्या, आणि पुढं सगळ्यांची मिळून एक प्रकल्पस्तरीय संस्था. सिंचनाचा कारभार शेतकऱ्यांकडे देणारा राज्याचा कायदा 2005 चा, हे काम त्याच्या किती आधीचं. माझ्या मावसबहिणीचं सासर वाघाडच्या लाभक्षेत्रात आहे. तिथं पाण्याच्या पाळीची तारीख लग्नाच्या तारखेआधी बघतात. त्यांच्या द्राक्षाच्या पेटीवर यातलं काही छापलेलं नसतं.

कालव्याचं पाणी डोळ्यांना दिसतं, म्हणून मोजता येतं, लोक म्हणतात. जमिनीखालचं कसं मोजणार? तर दोरानं.

नाना 2018 मध्ये गेले. त्यांचा एक दोर होता, सुताचा, वीत-वीतभर अंतरावर गाठी आणि टोकाला लोखंडी नट. दसरा आणि अक्षय तृतीया, असे वर्षातून दोनदा ते विहिरीच्या कठड्यावरून तो सोडायचे आणि गाठी मोजून माघारी यायचे. लिहीत नव्हते, डोक्यात ठेवायचे. 2019 च्या त्या भयंकर हंगामानंतर मी तो दोर काढला आणि वहीत एक नवा रकाना आखला. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते, तेच महिने मी धरले: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. पहिल्या वर्षी फक्त आमची विहीर. दुसऱ्या वर्षी जाऊबाईंची आणि वरच्या अंगाच्या दोन. लोक विचारायचे, “वहिनी, हे ऑडिटला लागतं का?” नाही म्हटलं की त्यांना नवल वाटायचं.

आज सात विहिरी आहेत. अकरातल्या सात. उरलेल्या चौघांना वाटतं की आकडा लिहिला की उद्या कुणीतरी बोअरवर बंदी आणील. त्यांची भीती मला समजते, त्यांच्या डोक्यावर बागेचं कर्ज आहे. मी त्यांच्याकडे मोजायला जात नाही, पण मोजणी झाली की सातही विहिरींचे आकडे सोसायटीच्या फळ्यावर खडूनं लिहिते, मागच्या वर्षीचे शेजारी. गेल्या मार्चमध्ये सहा विहिरी मागच्या वर्षीपेक्षा खाली होत्या, चार ते नऊ फूट. एक वर होती, तिच्या वरच्या ओढ्यात आदल्या उन्हाळ्यात आम्ही गाळ काढला होता. फळ्यासमोर त्या दिवशी बराच वेळ माणसं उभी होती. त्या चौघांतला एक जणही. त्यानं काही विचारलं नाही, फक्त फोटो काढून नेला. मी अजून कुणालाही बाग कमी करा असं म्हटलेलं नाही. ते बोलायचं आहे, आणि मला भीती वाटते. आमची स्वतःची अर्धा एकर, सोनाका गेलेला प्लॉट, आम्ही पुन्हा द्राक्षाखाली आणली नाही. तिथं तूर आणि भुईमूग असतो. हे बोलताना निदान तेवढं तरी हातात आहे.

पुतणीला फोनवर यातलं पाण्याचं काहीच सांगता आलं नव्हतं. तिला मेमध्ये सुट्टी आहे. मी म्हटलंय, पंधरा तारखेच्या आधी ये, मोजणी आहे. नानांचा दोर आता दोन ठिकाणी विरलाय, नवा आणलाय, त्याला गाठी मारायच्या राहिल्यात. आणि सातव्या विहिरीला कठडा नाही, तिथं दोर धरायला दुसरं माणूस लागतंच.